ताईच्या पेपरचं रिचेकिंग

मार्क देणं हा माझा धंदा होता. भिलाईतल्या एका शाळेत मी केस पिकेपर्यंत गणित शिकवलं, आणि पोरांना इतके भोपळे दिले की सुपेल्याच्या बाजारात दुकान मांडता आलं असतं. आकड्यांवर माझा विश्वास आहे. माणूस घुटमळतो, गोलगोल बोलतो, ऐनवेळी रडतो; आकडा एकदा पडला की पडला. म्हणून माझ्या ताईला तिच्या मरणाच्या इच्छेबद्दल मार्क मिळाल्याचं मला कळलं, तेव्हा आधी रडू आलं नाही, राग आला. कोणी दिले, कशावरून दिले आणि पेपर कुठे आहे, हे मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उभी राहून इतक्या मोठ्यानं विचारलं की आतून सिस्टर बाहेर आली आणि तोंडावर बोट ठेवून उभी राहिली.

पण आधीचं सांगते.

आमचे बाबा विदर्भातून इथं स्टील प्लांटमध्ये कामाला आले. आम्ही दोघी इथंच जन्मलो आणि प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरच्या क्वार्टरमध्ये वाढलो. घरात मराठी, गल्लीत हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी. ताई मोठी. ती हळू बोलते, हळू चालते, तिच्या हातून ताट पडलं तरी आवाज होत नाही. तिच्या वाटणीचा आवाजही आईनं मलाच देऊन टाकला असावा. मी दूधवाल्यावर ओरडते, ऑटोवाल्यावर ओरडते, बुद्धविहारात चपला वाटेल तशा काढून आत जाणाऱ्यांवर ओरडते. धाकटी आली का हे पाहायला आमच्याकडे कोणाला खिडकी उघडावी लागत नसे.

लग्न करून ताई पुन्हा सेक्टरच्याच क्वार्टरमध्ये गेली, कारण भाऊजीही प्लांटचेच. मी रिसालीत घर बांधलं आणि एकटी राहिले. दर रविवारी दुपारी मी स्कूटी काढून ताईकडे जायची, चहा व्हायचा आणि मग दोघी सुपेल्याला बाजार करायला. बाजारात ताई भाव विचारायची आणि मी भांडायची. हा क्रम लग्नकार्य सोडलं तर चुकला नाही.

ज्यांनी आमची क्वार्टरं पाहिली नाहीत त्यांना एक गोष्ट सांगून ठेवते. या घरांना दोन बाजूंनी यायला वाट असते. पुढचं दार रस्त्याकडे. ते पाहुण्यांचं, पोस्टमनचं, वर्गणी मागणाऱ्यांचं. मागं छोटं अंगण, आणि अंगणाच्या भिंतीला एक ठेंगणं दार, ते मागच्या गल्लीत उघडतं. घरचं माणूस नेहमी मागून येतं. मी ताईच्या पुढच्या दारातून शेवटची कधी गेले ते मला आठवत नाही. आणि हे मागचं दार सगळ्या बायका कडी लावून ठेवतात, कारण गाई. भिलाईच्या गाईंना उघडं दार चार गल्ल्यांवरून कळतं. ताईनं अंगणात लालभाजी, मेथी, कोथिंबीर लावली होती, त्यामुळे कडीच्या बाबतीत ती पक्की. मी गल्लीतून हाक मारायची, "ताई, दार!" मग ती सावकाश येऊन कडी काढायची, मला आत घ्यायची आणि पुन्हा लावायची.

भाऊजींची रिटायरमेंट जवळ आली, तसं क्वार्टर सोडायचं ठरलं. कोहक्याला त्यांनी एक तयार घर घेतलं. चांगलं होतं, हवेशीर होतं. ताई एकदा जाऊन पाहून आली आणि "चांगलं हाय" म्हणाली. त्याच सुमारास ती गप्प होत गेली. मुळात ती बोलायचीच कमी, त्यामुळे कोणाच्या लक्षात यायला उशीर झाला. जेवण कमी झालं, झोप गेली, भाजीला पाणी घालणंही भाऊजींकडे आलं. मला वाटलं, घर सुटतंय म्हणून मन लागत नसेल. डॉक्टर म्हणाले, हे घराचं नाही, हे डिप्रेशन आहे, गोळ्या घ्याव्या लागतील. गोळ्यांनी बरं वाटायला लागलं, भाजीचं पाणीही तिनं परत आपल्याकडे घेतलं. बरं वाटतंय म्हणून तिनं त्या कोणाला न सांगता बंद केल्या. हे आम्हाला नंतर कळलं.

त्या रविवारी भाऊजी ड्यूटीवर होते. मी नेहमीच्या वेळेला मागच्या गल्लीत स्कूटी लावली आणि पाहते तर दार सताड उघडं, आणि अंगणात एक पांढरी गाय लालभाजीच्या वाफ्यात उभी राहून पंगतीला बसल्यासारखी जेवतेय. माझं डोकं फिरलं. मी झाडू घेऊन तिच्यामागं लागले. "निघ, निघ इथून! कोनाच्या बापाची भाजी हाय? ताई! अवं ताई, गाय घुसली! दार कावून उघडं टाकलं? साऱ्या कोथिंबिरीचा सत्यानाश केला या भवानीनं!" गाय मेथीचा एक शेवटचा घास घेऊन मगच बाहेर पडली. मी तशीच बडबडत स्वयंपाकघरात शिरले, आणि तिथं ताई होती.

तिनं स्वतःला काय केलं ते मी लिहिणार नाही. ते वाचून कोणाचं भलं होणार नाही. एवढंच लिहिते की ती जिवंत होती, डोळे उघडे होते आणि ती माझ्याकडे पाहत होती. मी शेजारच्यांना हाका मारल्या, ते धावले, कोणी भाऊजींना फोन केला. ॲम्ब्युलन्स यायच्या आधी भाऊजी एका सहकाऱ्याबरोबर मोटरसायकलवर रस्त्याकडून पोचले आणि घाईत पुढचंच दार ठोठावू लागले. ते आतून बंद होतं. वरची कडी, खालची कडी, दोन्ही. मी आतून ती काढली.

ती वाचली. हे मी आता एका ओळीत लिहितेय, पण त्या ओळीसाठी आम्ही किती वेळ श्वास धरून बसलो होतो ते आमचं आम्हाला माहीत. जीव धोक्याबाहेर आल्यावर तिला मानसोपचाराच्या वॉर्डात हलवलं. भाऊजींना पोलिसांची भीती वाटत होती. डॉक्टर म्हणाले, कोणी तिला शिक्षा करणार नाही, आता तसं नसतं, तुम्ही फक्त तिच्याजवळ बसा. भाऊजी बसले. पन्नास लोकांमध्ये हुकूम सोडणारा माणूस, पण बायकोचा हात धरायचा कसा हे त्यांना नर्सनं दाखवावं लागलं.

त्या वॉर्डात एक सायकॉलॉजिस्ट मुलगी होती. तेलुगू घरातली, पण जन्म आणि शिक्षण इथलंच, हिंदी आमच्यासारखीच भिलाईची. माझी विद्यार्थिनी नव्हती हे बरं झालं. असती तर मी तिथंच तिचा कान धरला असता. तिच्याकडे प्रश्नांचा एक कागद होता. असं काही करून बसलेल्या माणसाचा इरादा किती पक्का होता हे त्यावरून मोजतात. घरात कोणी होतं का? कोणी येण्यासारखं होतं का? कोणी येऊ नये म्हणून काही केलं होतं का? कोणाला आधी काही सांगितलं? जाण्याआधीची आवराआवर केली होती? प्रत्येक प्रश्नाला शून्य, एक किंवा दोन. शेवटी बेरीज. बेरीज जितकी मोठी, तितका इरादा पक्का, तितकी जास्त नजर ठेवायची.

ताई त्या दिवसांत मानेनंच उत्तरं देत होती, तीही सगळ्या प्रश्नांना नाही. उरलेलं भाऊजींनी सांगितलं. घरात कोणी नव्हतं. ते ड्यूटीवर जाईपर्यंत तिनं काही केलं नाही. घर झाडून पुसून ठेवलं होतं. दार आतून बंद होतं, दोन्ही कड्या. भाऊजी प्लांटचे, रिपोर्ट द्यायची सवय. जे पाहिलं ते चोख सांगितलं. बेरीज मोठी आली. संध्याकाळी व्हरांड्यात भाऊजींनी मला सांगितलं, "इरादा पक्का होता म्हणतात. लवकर सोडणार नाहीत." आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुम्ही जरा हळू बोलत जा तिच्याशी. माणसाच्या मनाले लागते."

माझा आरडाओरडा झाला तो याच्यानंतर. सिस्टरनं तोंडावर बोट ठेवलं ते तेव्हाच.

खरं सांगायचं तर मार्कांपेक्षा भाऊजींचं वाक्य मला जास्त लागलं. आदल्या रविवारीच मी तिला जेवणावरून झापलं होतं. अर्धी पोळी टाकून उठली म्हणून. आता रात्री रिसालीच्या घरात पडल्यापडल्या माझाच आवाज मला ऐकू यायचा. ताईला आमच्यातून उठून जायचं होतं, अगदी पक्कं ठरवून, दोन कड्या लावून जायचं होतं. आणि त्याला थोडा हातभार माझ्या तोंडाचा होता की काय, हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं. कोणाला विचारणार? मी आयुष्यात पहिल्यांदा कोणावर न ओरडता तीन-चार दिवस काढले. दूधवाल्यानं विचारलं, तबियत ठीक है न, मैडम?

मग मी त्या मुलीकडे गेले. तिची खोली म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि खिडकीत घरघरणारा कूलर. मी म्हटलं, मला माझ्या बहिणीच्या पेपरचं रिचेकिंग हवंय. ती हसली नाही, हे मला आवडलं. म्हणाली, "मैम, पेपर नहीं दिखा सकती. ताई की इजाज़त के बिना तो बिल्कुल नहीं." मी म्हटलं, घ्या इजाजत. ती उठून वॉर्डात गेली आणि जरा वेळानं परत आली, तेव्हा मात्र तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. ताई म्हणाली होती, सांगा तिला काय हवं ते, नाहीतर ती तुम्हाला जगू देणार नाही. इतक्या दिवसांत ताईनं बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं.

तरी मुलीनं कागद काढला नाहीच. म्हणाली, मला तुमच्याकडून त्या दिवसाचं ऐकायचंच होतं, कारण पहिल्यांदा आत तुम्ही गेलात आणि मी अजून तुम्हाला काहीच विचारलेलं नाही. घरातून निघालात तिथून सांगा. मी सांगायला लागले. स्कूटी, गल्ली, गाय, लालभाजी. गाईवर मी जरा जास्तच वेळ घालवला, कारण तिचा राग अजून गेला नव्हता.

तिनं मला मध्येच थांबवलं. "एक मिनट, मैम. दरवाज़ा तो अंदर से बंद था."

"पुढचं," मी म्हटलं. "मी मागून गेले."

"पीछे वाला किसने खोला?"

"कोणी नाही. उघडंच होतं. म्हणून तर गाय..."

आणि मी थांबले. तिनं पेन खाली ठेवलं. ती क्वार्टरमध्येच वाढलेली. तिच्या आईनंही तसल्याच दाराला आयुष्यभर कडी लावली असणार. "पीछे वाला तो कोई खुला नहीं छोड़ता," ती हळूच म्हणाली. मी म्हटलं, माझी ताई तर मुळीच नाही. तिनं जन्मात कधी ते दार दुपारचं उघडं टाकलं नाही. मी इतके दिवस त्याला निष्काळजीपणा समजत होते. आजारी बाईचं लक्ष नसेल, राहिलं असेल. पण ज्या बाईनं पुढच्या दाराच्या दोन्ही कड्या आठवणीनं लावल्या, ती मागची लावायला विसरेल? आणि लावायचा प्रश्नच कुठे, कडी तर लावलेलीच असते. कोणीतरी जाऊन काढल्याशिवाय ती निघत नाही.

रविवार होता. मी येते हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही माहीत होतं.

मी रडायला लागले आणि रडता रडता हसायलाही लागले, म्हणजे तोंडाचं काय चाललं होतं ते माझं मला कळत नव्हतं. छातीवर ठेवलेला वरवंटा कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. तिला मी यायला हवी होते! त्या मुलीनं मला पाणी दिलं आणि मी पिऊन होईपर्यंत थांबली. मग म्हणाली ते मी नीट लक्षात ठेवलंय. म्हणाली, यानं आजार लहान होत नाही. पुढचं दार लावलं तेही खरं आणि मागचं काढलं तेही खरं. लोकांना वाटतं आकडा कमी झाला म्हणजे नाटक होतं. तसं कधीच नसतं. मी आकडा काढते तो कोणाला पास-नापास करायला नाही, आम्ही कुठे उभं राहायचं ते कळावं म्हणून. आणि कडी कशासाठी काढली हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. ते ताईलाच विचारायचं.

इतकं नीट बोलणाऱ्या मुलीला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी दिले.

दुसऱ्या दिवशी तिनं ताईला विचारलं. ताईच्याच सांगण्यावरून मी शेजारी बसले होते. मी हात मांडीवर ठेवून, शहाण्या मुलीसारखी गप्प. ताई बराच वेळ चादरीची कड चोळत राहिली. मग म्हणाली, "गाईसाठी काढली."

"गाय के लिए?"

"भाजी सुकून गेली असती ना मागून. कोन पानी देणार? म्हटलं, खाऊ दे तिले तरी."

झालं. वरवंटा पुन्हा जागेवर. म्हणजे तीही आवराआवरच होती. घर पुसलं, तशी भाजी गाईला वाहून टाकली. मला उठून जावंसं वाटलं, पण मी बसून राहिले. मुलीनं मान हलवली, ताईचे आभार मानले, आणखी काही विचारलं नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, मग आता? वाढवा मार्क. ती म्हणाली, "आज उन्होंने इतना बताया. बाकी जब आएगा, तब आएगा." मला अशी उत्तरं आवडत नाहीत. गणितात असं चालत नाही.

त्यानंतर ताई वॉर्डात बरेच दिवस राहिली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, या वेळी भाऊजींच्या देखरेखीखाली. मुलगी रोज तिच्याजवळ बसून बोलायची. हळूहळू ताई जेवायला लागली. एक दिवस तिनं वॉर्डातल्या वरणाला नावं ठेवली, तेव्हा भाऊजींनी मला फोन करून सांगितलं, "वरण पानचट हाय म्हणाली!" जणू तिला प्रमोशन मिळालं. मी स्कूटी काढून विहारात गेले आणि कधी नाही ते कोणाच्याही चपलांकडे न पाहता जाऊन बसले.

ती कोहक्याच्या घराबद्दलही बोलली. तिथं सगळं आहे, पण मागचं दार नाही, म्हणाली. घर एका बाजूनं बंद असल्यासारखं वाटतं, आत गेलं की जीव कोंडतो. डॉक्टर म्हणालेच होते की आजार घरामुळे नाही. पण भाऊजींना एवढं कुठे ऐकायला वेळ. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मिस्त्री बोलावला आणि मागची भिंत फोडायला घेतली. मी पाहायला गेले तर स्वतः घमेलं उचलत होते.

या सगळ्या काळात मी मात्र गोड झाले होते. गोड म्हणजे असह्य गोड. "ताई, जेवलीस का गं? ताई, उशी देऊ का?" आवाज इतका खाली की मलाच ऐकू येत नसे. घरी सोडल्यावरही तेच. सामान कोहक्याला हललं, नवं मागचं दार बसलं, त्याला ताईनं स्वतः जाऊन जाड कडी पसंत केली, आणि मी रविवारी गल्लीत उभी राहून त्या दारावर बोटाच्या पेरानं टकटक करायची. हाक नाही. ताई दार उघडायची, माझ्याकडे निरखून पाहायची आणि चहा ठेवायची. सुपेल्याच्या बाजारात टोमॅटोवाल्यानं सांगितला तो भाव मी मुकाट्यानं दिला. ताईनं पिशवी धरली होती, ती तिथंच थांबली.

"तुले काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"बीपी वाढला काय? डॉक्टरनं काही सांगतलं काय तुले?"

"नाही गं."

"मंग अशी कावून बोलून राहिली, नर्सबाईसारखी? मले भेव लागते."

आम्ही घरी आलो. अंगणात नवे वाफे केले होते, लालभाजीला नुकते कोंब आले होते. आम्ही पायरीवर बसून मेथी निवडायला घेतली. भाऊजी आत झोपले होते. मग मी सांगून टाकलं. म्हटलं, मी ओरडते, तुझ्या मनाला लागतं, भाऊजींनीही सांगितलं. आदल्या रविवारी पोळीवरून तुला बोलले. मला वाटतं, माझ्यामुळेही...

ताईनं हातातली जुडी खाली ठेवली.

"कडी म्या गाईसाठीच काढली," ती म्हणाली. "खोटं नाही सांगतलं त्या पोरीले. भाजी वाया जाऊ नये म्हनून. पण कडी हातात होती ना, तवा डोक्यात आलं, गाय आत आली का तू बोंबलशील. रविवार होता." तिनं मांडीवरची पानं झटकली. मग पुन्हा तिच्या नेहमीच्या संथ आवाजात, "आतमंदी सारं चूप होतं. लय दिवसापासून चूप होतं. मले वाटलं, तुहं बोंबलनं एकडाव आयकाव."

मी निवडलेली मेथी पुन्हा ढिगातच टाकत राहिले.

"मंग तू आली. गाईले शिव्या देऊन राहिली होती. भवानी काय म्हनली, कोनाच्या बापाची भाजी काय म्हनली." ताईच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. "मले असं वाटलं, उठून पाहाव. उठताच येत नव्हतं, पण लय वाटलं, जाऊन पाहाव या दोघीले."

आम्ही दोघी तिथं पायरीवर मेथीचा ढीग पुढ्यात घेऊन हसलो. रडलोही, पण हसलो जास्त. आतून भाऊजींनी विचारलं, काय झालं? दोघींनी एकदमच सांगितलं, "काही नाही, झोपा."

पुढच्या तपासणीला ताईनं हे स्वतःच त्या मुलीला सांगितलं. मी विचारलं, आता याला किती मार्क? मुलगी ताईकडे पाहून म्हणाली, "मैम, इसका तो सवाल ही नहीं है मेरे पास." आकड्यांवरचा माझा विश्वास त्यानं काही उडाला नाही. तिनं मोजलं नसतं तर मी कधी पेपर मागायला गेले नसते, आणि मागचं दार कोणी उघडलं हे मला कोणी विचारलं नसतं. ताई अजून गोळ्या घेते, दर महिन्याला दाखवायला जाते, आणि एखाददुसरा आठवडा वाईटही जातो. तेव्हा ती तसं सांगते. पूर्वी सांगत नव्हती.

रविवारी मी कोहक्याच्या मागच्या गल्लीत स्कूटी लावते आणि हाक मारते, "ताई, दार!" आतून चपलांचा आवाज येतो आणि मध्येच थांबतो. मी पुन्हा ओरडते, उन्हात उभी आहे म्हणून ओरडते, कान फुटले काय म्हणून ओरडते, आजूबाजूच्या खिडक्या उघडायला लागतात. मला माहीत आहे की ती दाराच्या पलीकडे कडीवर हात ठेवून उभी असते. ती मुद्दाम वेळ लावते, आणि मीही पोटभर ओरडून घेते.